सहा-सहाच्या पुढं

आदिलाबादच्या क्लबात सहा-सहा झाले तरी कोणी थांबत नसे.

बाकी जगात टेनिसच्या सेटमध्ये दोघांचे सहा-सहा गेम झाले की टायब्रेक खेळतात. ज्याचे सात गुण आधी होतील, आणि समोरच्याहून दोन जास्त असतील, त्याचा सेट. कचेरीमागच्या या दोन मुरमाच्या कोर्टांवर मात्र निजामाच्या काळापासून एकच रिवाज होता. सातवा गेम खेळा, आठवा खेळा, अकरावा खेळा. एकजण दोन गेमनी पुढं गेला की मगच पाणी प्या. एकदा म्हणे अंधार पडला तेव्हा दोन स्कूटरचे दिवे लावून खेळ चालवला होता, आणि तरीही मिटेना, तेव्हा उरलेल्या गेमसाठी दोघंही गडी सकाळी दात घासायच्या आधी हजर झाले होते.

"तंट्याचा फैसला घाईनं करू नये," गोपाळराव म्हणायचे. उभा जन्म तहसिलीत पेशकारी केलेला माणूस. तारखेवर तारीख पाहिलेली. "टिकेल तो जिंकेल."

गोपाळरावांनी या कोर्टावर दोन मुलींना हाती धरून शिकवलं. एक त्यांची नात चारुलता. तिला खेळायला समोर कोणीतरी हवं होतं, म्हणून तिनं आपल्या वर्गातली एक मैत्रीण आणली. तीच उत्पला, खुशाल मास्तरांची मुलगी. चारूचा खेळ विजेसारखा. दिसली म्हणेपर्यंत चेंडू पलीकडच्या कुंपणाला. उत्पलाचा खेळ म्हणजे कोजागरीच्या रात्री आटणारं दूध. घाई नाही, पण उतूही जात नाही. येईल तो चेंडू ती परत देई. आणखी आला, आणखी परत. शेवटी चारूच वैतागून म्हणायची, "अगं, एखादा तरी सोड!"

"सोडू कायले?" उत्पला हसायची. "तो माह्याकडंच तर आला."

त्या दिवाळीच्या सुट्टीत चारू हट्टानं उत्पलासोबत बेल्याला गेली होती, उत्पलाच्या मामाच्या वावरात कापूस येचायला. वावरातली पराटी, म्हणजे कापसाची झाडं, पांढरीफेक फुललेली. बायकांनी कमरेला ओट्या बांधल्या, एकेकीनं आपली पात, म्हणजे झाडांच्या दोन-दोन ओळी, धरली, आणि सगळ्याजणी सारख्या रेषेत निघाल्या. थोड्याच वेळात चारूची रेषा मागं राहिली. बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे, मान अवघडलेली, आणि दर दोन झाडांनंतर ती मान वर करून बघे की धुरा, म्हणजे वावराचा शेवटचा बांध, किती लांब आहे.

"काय व चारू," उत्पलाची आई पंचफुला लांबूनच ओरडली, "पराटी काऊन कुरवाळून राह्यली? येच न तिले!"

बायका खळखळून हसल्या. कोणीतरी सूर काढला, बाकीच्यांनी धरला:

हातातलं बोंड पाहा, नको पाहू धुरा
येचता येचता सई, दिस जातो पुरा

पंचफुलेची पात सरली. चारूला वाटलं, आता ही सावलीत जाऊन बसेल. पण ती धुऱ्यावरून वळली, चारूच्याच पातीत पलीकडच्या टोकाला शिरली आणि समोरून येचत येऊ लागली. ही इकडून, ती तिकडून. मधे पांढरी झाडं कमी कमी होत गेली आणि एका झाडाशी दोघींची डोकी आली.

"मावशी, तुमचं तर झालं होतं ना?"

"पात काही एकटीची नसते, बाई. जिची सरली तिनं मांगं राह्यलेलीच्या समोरून यावं. असंच असते."

 घरी येताना बसमध्ये चारूनं ते वाक्य दोनदा पुटपुटलं होतं.

*

दोन हजार सातचा डिसेंबर उजाडला. आदिलाबादची थंडी, बाजारपेठेच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग, आणि हवेत इकडून तिकडं तरंगणारे कापसाचे पुंजके. त्याच आठवड्यात हैदराबादहून निरोप आला. तिथल्या खेळांच्या वसतिगृहात या वर्षी जिल्ह्यातून एकच मुलगी घेणार. राहणं, शाळा, शिकवणारे, सगळं तिथंच. निवडीचे सामने आदिलाबादच्या क्लबातच व्हायचे होते, आणि त्यासाठी हैदराबादहून पंच येणार होते.

शेवटच्या सामन्यात कोण दोघी येणार हे सगळ्या गावाला आधीच ठाऊक होतं. त्याच आल्या.

चारूला ती जागा हवी होतीच. पण चारूची जागा गेली असती तरी कोर्ट उरलं असतं, आजोबा उरले असते. उत्पलाचं तसं नव्हतं. खुशाल मास्तरांची बदली जूनमध्ये परत बेल्याला ठरली होती. बेल्याला कापूस होता, सोयाबीन होतं, मामा होता. कोर्ट नव्हतं. हरली तर तिची रॅकेट जूनमध्ये खुंटीला लागणार, हे घरात कोणी बोलत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी तिला भाकर गोड लागेना.

"माय, उद्या टायब्रेक हाय," ती म्हणाली.

"थो कोन?" पंचफुलेनं विचारलं.

खुशाल मास्तर हसले. "माणूस नोहे थो. सहा-सहा झाले का खेळतेत."

"मंग खेळजो. त्यात काय?"

"मले नाही जमत," उत्पला म्हणाली. "निजामाबादले दोनदा सहा-सहापर्यंत आणलं अन् दोन्ही खेपा टायब्रेकात हारली. आपल्या इथं थो खेळतच नाहीत. गेममध्ये कसं, हारला तं हारला, पुढचा गेम पुन्हा सुरू. टायब्रेकात तसं नाही. मी एक गुण खेळते अन् आणखी किती राह्यले ते मोजत बसते."

पंचफुलेनं तव्यावरची भाकर उलटली. "धुऱ्याकडं पाहून राह्यली तू."

"तू तं सगळं वावरातच नेतं."

"मले दुसरं कुठं नेता येते, बाई?"

"मोजाचं काम माह्याकडं ठेव," मास्तर म्हणाले. "रोज पोरं मोजतो, त्याईच्या ताटल्या मोजतो. तुहे गुणबी मोजीन. तू नुसती खेळ."

उत्पला हसली. पण भाकर अर्धीच खाल्ली.

*

हैदराबादच्या पंचांनी सकाळीच सगळ्यांना जमवून सांगितलं होतं: तीन सेटचा सामना, आणि प्रत्येक सेटमध्ये सहा-सहाला टायब्रेक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाजूच्या कोर्टावर मुलांचे सामने सुरू झाले, त्यांच्यात काहीतरी कुरबुर झाली, आणि पंच तिकडं गेले. मुलींच्या कोर्टावर उंच स्टुलावर बसले व्यंकटेश. बँकेत कॅशियर, क्लबात वीस वर्षं गुण पुकारणारे.

दुपार कलायला लागली होती. कडुनिंबाखालच्या बाकावर गोपाळराव मफलर गुंडाळून बसले होते. एक नात, एक शिष्या. टाळी कुठल्या हातानं वाजवावी हा प्रश्न, म्हणून दोन्ही हात मफलरीत. शेजारी वामनराव, क्लबाचे सगळ्यांत जुने सभासद. तारेच्या कुंपणाशी खुशाल मास्तर आणि पंचफुला.

पहिला सेट चारूनं भराभर घेतला, सहा-तीन. दुसरा उत्पलानं हळूहळू ओढून नेला, सहा-चार. तिसऱ्यात दोघीही हटेनात. एक गेम हिचा, एक तिचा. मुरमाची तांबडी धूळ दोघींच्या मोज्यांवर चढली, जाळीच्या वरच्या पट्टीला कापसाचे पुंजके अडकले. पाच-चार. पाच-पाच. सहा-पाच. सहा-सहा.

व्यंकटेशांनी चष्मा पुसला आणि जिभेला वीस वर्षांचं वळण होतं तसं पुकारलं, "सिक्स-ऑल. सर्व्हिस उत्पला."

कोणालाच काही खटकलं नाही. बसलेले सगळे याच क्लबाचे. चारू पाठीमागच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. उत्पलानं चेंडू उंच फेकला. चारूचा परतीचा फटका जाळीत गेला.

"फिफ्टीन-लव्ह."

पुन्हा चेंडू वर गेला. या वेळी लांब रस्सीखेच झाली आणि चारूचा चेंडू रेषेबाहेर पडला.

"थर्टी-लव्ह."

थर्टी हा शब्द कानावर पडला आणि उत्पला थबकली. निजामाबादला सहा-सहानंतर कोणी फिफ्टीन-थर्टी म्हणालं नव्हतं. तिथं म्हणत होते, वन-झीरो, टू-झीरो.

हा तर नेहमीचा गेम चालला होता! टायब्रेक विसरला होता. व्यंकटेशकाका विसरले, चारू विसरली, सगळा क्लब विसरला होता. तीसुद्धा.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त कडुनिंबाखाली गोपाळराव अर्धवट उठले होते. उठले, चारूकडं पाहिलं, आणि परत बसले. मफलरीचं टोक त्यांनी तोंडावर घट्ट दाबून धरलं.

उत्पलाला कळलं. आजोबांच्या लक्षात आलंय. आणि ते बोलू शकत नाहीत. ते बोलले तर लोक म्हणणार, पोरगी पुढं गेली तेव्हा म्हाताऱ्याला नातीसाठी कायदा आठवला. फैसल्याच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या तोंडाला त्याच्याच नातीचं कुलूप.

तिनं चेंडू जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला. गप्प राहिलं तर काय? तीस-शून्य आपण पुढं. आणखी दोन गुणांत गेम आपला. पुढचं सगळं आपल्या रिवाजानं, टिकेल तो जिंकेल, आणि टिकण्यात आपल्याला कोण हरवणार? बोललं तर तो टायब्रेक. एक खेळायचा आणि राहिलेले मोजायचे. आणि मग जून. आणि मग खुंटी.

बाकावर गोपाळराव खाली मान घालून बसले होते. त्यांना असं बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

उत्पला चेंडू हातात घेऊन स्टुलापाशी आली.

"व्यंकटेशकाका, टायब्रेक होता न?"

"कशाचा ग?" व्यंकटेश म्हणाले, आणि मग त्यांचा हात कपाळावर गेला. "अरे देवा!"

"व्यंकट्या," वामनराव बाकावरून गरजले, "बँकेत नोटा पण अशाच मोजतोस काय रे?"

"तुम्ही तरी काय करत होता, वामनराव? तुम्हीही मान डोलावली होती की सकाळी!"

"आपल्याकडं कधी झालाय टायब्रेक, म्हणून आज आठवेल!"

हशा पिकला. चारू जाळीपर्यंत आली, कमरेवर हात ठेवून. "बाई ग, माझ्या पण डोक्यात आलं नाही," ती म्हणाली, आणि मग हळूच, "तू काऊन सांगितलंस? तू तर पुढं होतीस."

उत्पलानं खांदे उडवले. कुंपणाशी पंचफुलेनं नवऱ्याच्या बाहीला हिसका दिला. "काऊन थांबल्या पोरी? हारली का माही?"

"नाही व. तिनंच चूक दाखवली."

"कोनाची?"

"सगळ्यायची."

"मंग हारली का?"

"थांब न जरा!"

बाजूच्या कोर्टावरून पंच धावत आले. "एमैंदी? क्या हुआ?" व्यंकटेशांनी घाम पुसत पुसत सांगितलं.  आता गुण पुसणार आणि टायब्रेक सुरू होणार, असंच सगळ्यांनी धरलं. उत्पलानंही.

पंचांनी एकच विचारलं, "कितने पॉइंट हुए?"

"दो. थर्टी-लव्ह."

"तो सुनो." ते दोघींकडं वळले. "एकीच पॉइंट हुआ रहता तो मैं वापस टायब्रेक पे लाता. दूसरा पॉइंट शुरू हो गया, अब पीछे नहीं जाते. जो खेला सो खेला, वो वहींच रहता. सेट ऐसेइच चलेगा, दो गेम का फर्क होने तक. लेकिन आठ-आठ हुए तो टायब्रेक. तब भूलना नक्को."

क्षणभर कोणाला खरं वाटेना. मग वामनरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आपला रिवाज कायद्यात बसला की हो, गोपाळराव!"

"रिवाज नाही," गोपाळराव म्हणाले. मफलर तोंडावरून खाली आली होती. "चूक बसली. कायद्यानं चुकीलासुद्धा पाट मांडून ठेवलाय, वामनराव. मला इतकं ठाऊक नव्हतं."

*

थर्टी-लव्हपासून खेळ पुढं सुरू झाला. उत्पलानं तो गेम घेतला. सात-सहा. चारूनं आपला घेतला. सात-सात. मग आठ-सात, आणि मग आठ-आठ.

"टायब्रेक!" अख्खं कोर्ट एका सुरात ओरडलं, आणि व्यंकटेशांनी स्टुलावरून सगळ्यांना हात जोडले.

आलाच शेवटी. टाळला तरी, लांबवला तरी, आठ गेमांपलीकडं तो बसलेलाच होता.  पहिली सर्व्हिस उत्पलाची. ती रेषेवर उभी राहिली आणि तिच्या मनात आपोआप आलं: सात. सात पाहिजेत.

जाळीच्या पट्टीवरचा कापसाचा पुंजका वाऱ्यानं हलत होता. जो खेला सो खेला, वो वहींच रहता. पंचांचं बोलणं तिला आठवलं, आणि त्याच्या मागोमाग वावर आठवलं. येचलेलं बोंड परत झाडाला लागत नाही. ओटीत पडलं ते आपलं. पुढच्या झाडाचं पुढं बघू. मोजायला बाबा आहेत.

तिनं चेंडू उंच फेकला.

कितवा गुण हे तिला पुढं कळलंच नाही. सहा गुण झाले तशा दोघींनी बाजू बदलल्या. जाळीच्या खांबाशी एकमेकींच्या जवळून गेल्या, दोघींचेही चेहरे धुळीनं तांबडे. ऊन आता उत्पलाच्या डोळ्यांवर आलं. चेंडू येई, ती परत देई. आणखी येई, आणखी परत. कधी चारूचा वीजफटका निघून जाई आणि ती नुसती पाहत राही. गेला तो गेला.

"सिक्स-फाइव्ह, चारुलता," व्यंकटेश म्हणाले. एक गुण आणि सामना चारूचा.

कुंपणाशी खुशाल मास्तरांनी डोळे मिटले. मोजायचं काम त्यांच्याकडं होतं आणि तेवढंच त्यांना झेपेना. शेजारी पंचफुला ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण तिची मान ओवीच्या ठेक्यावर हलत होती.

उत्पलाची सर्व्हिस. चारूनं ती जोरात परत फेकली, कोपऱ्यात. उत्पला पोचली. पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात. पोचली. पुन्हा. पोचली. हातातलं बोंड. हातातलं बोंड. चारूनं शेवटी सगळा जोर एकवटला आणि चेंडू जाळीच्या पट्टीवर आदळून चारूच्याच बाजूला पडला. कापसाचा पुंजका सुटून हवेत उडाला.

सहा-सहा. पुन्हा एकदा सहा-सहा. कोणीतरी हसलं, पण ते हसणं रडण्याच्या जवळचं होतं. बाजू बदलल्या. मग सात-सहा. मग चारूची सर्व्हिस, लांब, फार लांब चाललेली देवाणघेवाण, आणि एक उंच, हळुवार चेंडू, जो उत्पलानं चारूच्या डोक्यावरून मागच्या रेषेच्या आत, बोटभर आत, ठेवला.

चारूनं वळून पाहिलं. खडूची पांढरी धूळ उडालेली तिलाच सगळ्यांत आधी दिसली.

"आत आहे," ती म्हणाली. व्यंकटेशांनी पुकारायच्या आधी.

*

त्या दिवशी चारू रडली. नळावर तोंड धुतलं आणि पुन्हा रडली. गोपाळरावांनी तिला रडू दिलं. मग ते उत्पलापाशी आले. काही तरी मोठं बोलतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी नुसती आपली मफलर काढली आणि तिच्या गळ्यात घातली.

"घाम आलाय, थंडी बाधेल," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, "माझं तोंड बांधलेलं होतं पोरी. तू सोडवलंस."

पंचफुला लेकीच्या गालावरून बोटं उतरवत होती, कडाकडा मोडत होती. "कितीदा सांगतलं तुले, धुऱ्याकडं पाहू नोको म्हनून."

"नाही पाहिलं, माय."

"माहा तर जीव धुऱ्यावरच टांगून होता," खुशाल मास्तर म्हणाले, आणि तिघंही हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोपाळरावांनी क्लबात जाहीर केलं: आजपासून सहा-सहाला टायब्रेक. जून येईपर्यंत उत्पलाला रोज सवय पाहिजे. हैदराबादला सगळं त्यावरच चालतं.

"निजामाच्या काळापासूनचा रिवाज!" वामनराव कळवळले. "आम्ही आता हरायचं तरी कसं?"

"लवकर," गोपाळराव म्हणाले. "जेवायला वेळेवर घरी जाल."

उत्पला एकटीच कोर्टावर सर्व्हिसचा सराव करत होती. चेंडू टाकायचा, जाऊन वेचून आणायचा, पुन्हा टाकायचा. चारू दिवसभर दिसली नव्हती. येईल की नाही, उत्पलाला माहीत नव्हतं आणि विचारायचा धीर नव्हता.

"काय व," पलीकडून आवाज आला. "चेंडू काऊन कुरवाळून राह्यली? टाक न!"

उत्पलानं मान वर केली. जाळीच्या त्या बाजूला चारू उभी होती. डोळे अजून सुजलेले. फ्रॉकवर ओढणीची ओटी बांधलेली, आणि ओटीत चेंडूच चेंडू.

"तू आलीस?"

"माझी पात सरली," चारू म्हणाली. ओटीतला एक चेंडू तिनं हातात घेतला, रॅकेट उचलली. "तुझी राहिली आहे ना अजून? मग मी समोरून येते."